शिबिर नसलेला उन्हाळा : पुण्यातल्या एका रक्तकेंद्राचं प्रकरण

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा. देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. आमच्या रक्तकेंद्रातल्या मोठ्या फ्रीजसमोर मी वही घेऊन उभी होते आणि टेक्निशियन एकेक पिशवी हातात घेऊन लेबलवरची तारीख मोठ्यानं वाचत होता. शिवजयंतीच्या शिबिरात, १९ फेब्रुवारीला भरलेल्या ज्या थोड्या पिशव्या उरल्या होत्या, त्यांची मुदत त्या दिवशी संपत होती. अख्खं रक्त ३५ दिवस टिकतं. फेब्रुवारी २९ दिवसांचा धरला की हिशेब नेमका पाडव्यावर येतो. लाल पेशी वेगळ्या करून त्यांच्या द्रावणात ठेवल्या असतील तर ४२ दिवस, म्हणजे आणखी आठवडाभराची सवड. मार्चच्या पहिल्या दिवसांतली किरकोळ भर सोडली तर मागचे खण मोकळे होते.

तीनच दिवसांपूर्वी, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या गॅलऱ्यांत लोक उभे होते. थाळ्या, टाळ्या, शंख, एका घरातून तर कुकरचं झाकण. दवाखान्यातल्या माणसांबद्दल एवढं प्रेम मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. आणि फ्रीज मात्र रिकामा होत चालला होता.

माणसं रक्त का देतात आणि का देत नाहीत, यावर पंधरा वर्षं मी शिबिरांच्या व्यासपीठावरून भाषणं ऐकली आहेत. थोडी केलीही आहेत. जागृती कमी, गैरसमज फार, तरुणांनी पुढं यायला हवं, वगैरे. त्यातलं बरंचसं चुकीचं होतं, हे मला मार्च २०२० ते जून २०२१ या सव्वा वर्षात कळलं. त्या सव्वा वर्षाची ही नोंद.

रक्त कुठून यायचं

माझं पद जनसंपर्क अधिकाऱ्याचं. साध्या भाषेत, शिबिरं जमवणारी बाई. त्याच मार्चमध्ये सरकारी नियमांत 'रक्तपेढी'चं 'रक्तकेंद्र' झालं. लोक अजूनही ब्लड बँकच म्हणतात आणि काचेच्या बाटल्या जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी 'दोन बाटल्या रक्त लागलं' असंच सांगतात.

आमच्या भिंतीवर एक कॅलेंडर असतं. त्यावर कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं, हिंजवडीतल्या कंपन्यांची शिबिरं, १४ एप्रिल, गणेशोत्सव, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन आणि वर्षभर विखुरलेले नेत्यांचे वाढदिवस. आमच्याकडे येणारं बहुतेक रक्त या कॅलेंडरातून यायचं. आपण होऊन केंद्राच्या पायऱ्या चढणारे दाते मोजके. त्यांची नावं आम्हाला पाठ.

एप्रिल-मे दरवर्षीच ओढग्रस्तीचे. परीक्षा, सुट्ट्या, गावाला गेलेली माणसं, ऊन. दिवाळीत तेच. त्यामुळं 'उन्हाळ्याचा तुटवडा' हा शब्द आमच्याकडे कैरीच्या पन्ह्याइतका नेमाचा. पण २०२० मध्ये वेगळंच घडलं. कॅलेंडरावरचं सगळं एकाच आठवड्यात खोडलं गेलं. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, मग कॉलेजं बंद, मग कंपन्या घरी, मग जमावबंदी. रक्त देणारी माणसं जिथल्या तिथंच होती. ती ज्या जागी एकत्र सापडायची, त्या जागा तेवढ्या नाहीशा झाल्या.

मागणीही घटली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलल्या, रस्त्यांवर गाड्या नसल्यानं अपघात कमी. पण बाळंतपणं थांबत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार थांबत नाहीत. आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, बाहेर टाळेबंदी असो की दसरा. आमच्याकडे अशी मुलं नियमित येतात. त्यांच्या आया फोन करायच्या तेव्हा 'रक्त आहे का' असं विचारतच नसत. "ताई, या वेळी कधी येऊ?" एवढंच. नाही म्हणण्याची सोय त्या ठेवतच नसत.

फोनवरची कारणं

पहिल्या आठवड्यात आम्ही जे सगळे करतात तेच केलं. व्हॉट्सअॅपवर आवाहन. 'रक्तदान श्रेष्ठदान', खाली लाल थेंबाचं चित्र, केंद्राचा पत्ता, पोलिसांनी अडवलं तर दाखवायला आमच्या लेटरहेडवरचं पत्र. संदेश गावभर फिरला. माझ्याच मावशीकडून तीन वेळा मला परत आला. अंगठे, हात जोडलेले, लाल बदाम यांचा पाऊस पडला. दाते आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे आमचे पाठ असलेलेच.

मग मी जुन्या शिबिरांची रजिस्टरं काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले. कुठलीही प्रश्नावली नव्हती. वहीत कारण लिहीत गेले, एवढंच. ती वही अजून माझ्याकडे आहे.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण : "आत्ता प्रतिकारशक्ती कमी नको व्हायला." हे २०२० चं खास. आधी लोक 'अशक्तपणा येतो' म्हणायचे, आता त्याच भीतीला नवा शब्द मिळाला. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. आपण घेतो ३५० मिलिलिटर, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५०. त्यातला पाण्याचा भाग दिवस-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात. मी हे फोनवर सांगायचे. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे मॅडम, पण घरचे ऐकत नाहीत."

'घरचे' हे दुसरं कारण. एका मुलाच्या आईनं फोन उचलला आणि तो घरी नाही म्हणाल्या. संचारबंदीत, दुपारी दोन वाजता. मला हसू आवरलं नाही, मग त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आहे हो घरी. पण तुमची बँक हॉस्पिटलच्या आवारात ना?" हा खरा मुद्दा होता. सुईला ते बिचकत नव्हते, आमच्या फाटकाला बिचकत होते.

तिसऱ्या प्रकारची कारणं ऐकून मात्र मी फोन ठेवून विचार करत बसले. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारे एक गृहस्थ. आमच्या रजिस्टरमध्ये त्यांची वीसहून अधिक रक्तदानं. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस थांबावं लागतं, तेव्हा वीस म्हणजे वर्षानुवर्षांचा नेम. भीती नाही, गैरसमज नाही, घरच्यांची आडकाठी नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं सेंटर नक्की येतं कुठं? आणि गाडी कुठं लावायची?"

वीस वेळा रक्त दिलेल्या माणसाला रक्तकेंद्र माहीत नव्हतं! मग लक्षात आलं, तो कधी रक्त द्यायला गेलाच नव्हता. रक्त घेणारेच दर वेळी त्याच्याकडे गेले होते. कॅन्टीनच्या शेजारच्या हॉलमध्ये खाटा लागायच्या, टीममधली एक मुलगी येऊन म्हणायची, "सर, चला ना, आपली सगळी टीम चाललीय." तो उठायचा, दहा मिनिटं पडायचा, कॉफी-बिस्कीट घेऊन जागेवर परत. खाटा, ती मुलगी आणि दहा मिनिटं काढून घेतल्यावर त्याची इच्छा शिल्लक होती, पण ती त्याला घराच्या दारापर्यंतही आणू शकली नाही. "नक्की येतो" म्हणाले. आले नाहीत. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही, अशी शेकड्यांनी माणसं आमच्या रजिस्टरांत आहेत आणि त्यांच्याच जिवावर पंधरा वर्षं आमचे फ्रीज भरत आले.

पार्किंगमधली व्हॅन

एप्रिलच्या मध्यावर सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. काका निवृत्त बँकवाले. "तुमची ती गाडी आमच्या पार्किंगमध्ये लावता येईल का? माणसं मी देतो." राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या सूचना आल्या होत्याच : गर्दी नको, अंतर ठेवा, ताप-खोकला किंवा रुग्णाशी संपर्क असेल तर दाता २८ दिवस थांबवा. पोलीस चौकीला पत्र दिलं, वेळा पाडून घेतल्या, तासाला चौघं.

सोसायटीत दोन इमारती, अ आणि ब. काकांनी दोन्हीकडे सारखीच नोटीस लावली आणि ग्रुपवर टाकली. अ इमारतीत तेवढंच झालं. ब इमारतीत मात्र दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वय सत्तरीपुढं, म्हणजे त्या स्वतः रक्त देऊ शकत नाहीत. आपल्याकडे वरची मर्यादा ६५, आणि पहिल्यांदा देणाऱ्याला ६०. त्यांनी काय केलं, तर शिबिराच्या आदल्या संध्याकाळी तोंडाला पदर बांधून प्रत्येक मजल्यावर गेल्या, दार वाजवलं, चार पावलं मागं सरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या तुमच्याकडचं कोण येतंय? साडेदहा की अकरा?"

ही वाक्यरचना पुन्हा एकदा वाचा. 'रक्तदान कराल का' असा प्रश्नच त्यात नाही. कोण आणि किती वाजता, एवढंच. आजींनी संवादकौशल्याचा कोर्स केलेला नाही. आयुष्यभर हळदीकुंकवाची आमंत्रणं केली आहेत.

ब इमारतीतून अ च्या तिप्पट तरी माणसं खाली उतरली. दोन्हीकडे फ्लॅट सारखे, पगार सारखे, भीती सारखी. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता आणि एका सोसायटीवरून सिद्धांत मांडायचा मोह मी आवरते. पण त्यानंतरच्या प्रत्येक सोसायटीत मी आधी अशी आजी शोधली.

त्या दिवसातल्या दोन गोष्टी मात्र तपशिलात सांगायला हव्यात, कारण त्या आमच्या पथ्यावर पडणाऱ्या नाहीत.

पहिली. व्हॅनच्या बाहेर टेबलावर निळ्या द्रावणाची छोटी बाटली असते. मोरचुदाचं पाणी, नेमक्या घनतेचं केलेलं. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब वरून सोडायचा. पंधरा सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर, म्हणजे पास. रेंगाळला, वर आला, तर नापास. ब इमारतीतल्या एक चाळिशीच्या बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्यालाही त्यांनीच ओढून आणलेलं. नवऱ्याचा थेंब दगडासारखा खाली गेला. त्यांचा मध्यावर थांबला, डुचमळला, आणि लाल मण्यासारखा वर येऊन पसरला. "म्हणजे माझं रक्त नको?" त्या म्हणाल्या. आमचा टेक्निशियन सवयीनं म्हणाला, "कमी आहे, पुढच्या वेळी या," आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

त्यांचा चेहरा मी पाहिला. शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. तिथला निकष १२ चा, आमचा १२.५ चा. म्हणजे जी बाई सरकारी व्याख्येनं ठणठणीत आहे, तीही आमच्या बाटलीत तरंगू शकते. शिवाय पाळी चालू असेल तर नाही, बाळ अंगावर पीत असेल तर नाही, बाळंतपणानंतर वर्षभर नाही, आणि दोन रक्तदानांत पुरुषांपेक्षा महिनाभर जास्त, १२० दिवसांचं अंतर. यातला प्रत्येक नियम बाईच्या भल्यासाठीच आहे, मला तो बदलायचा नाही. पण मग 'महिला पुढं येत नाहीत' असं व्यासपीठावरून म्हणणं बंद करायला हवं. त्या येतात. आम्ही त्यांना परत पाठवतो, आणि ज्या तऱ्हेनं पाठवतो, त्यानं त्या पुन्हा फिरकत नाहीत. त्या बाईंना मी बाजूला खुर्ची दिली, आमच्या डॉक्टरांनी पाच मिनिटं बोलून तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी पुढं कधी रक्त दिलेलं नाही. मात्र सोसायटीच्या नंतरच्या शिबिरांची यादी त्याच करतात.

दुसरी गोष्ट वॉचमनची. नांदेडकडचा मुलगा, पंचविशीचा. सकाळपासून आमच्या गाडीला वायर जोडून दे, टेबल उचल, येणाऱ्यांच्या हातावर सॅनिटायझर घाल, असं सगळं करत होता. दुपारी एकच्या सुमारास दोन वेळा रिकाम्या गेल्या. तो जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, आमचं चालतं का?" मला प्रश्नच कळला नाही. वजन विचारलं, ५२. काल रात्री झोपला होतास? हो, दिवसपाळी आहे. जेवलास? अकरा वाजता. मग का नाही चालणार! तर तो म्हणाला, "नाय, ते फ्लॅटवाल्यांचं आहे वाटलं."

पहिलंच रक्तदान. मनगट धरून डोळे मिटून पडला होता. सुई जाड असते, १६ गेजची, इंजेक्शनच्या सुईशी तिची तुलना करून कुणाला फसवू नये. पिशवी भरायला सहा मिनिटं लागली. खाटेवरून उठल्यावर पिशवीला हात लावून पाहिला त्यानं आणि म्हणाला, "गरम आहे की."

ती रात्र मी माझी जुनी शिबिरं आठवण्यात घालवली. हिंजवडीच्या त्या हॉलमध्ये खाटा कोण लावायचं? हाउसकीपिंगची मुलं. दाराशी कोण उभं असायचं? सिक्युरिटी. कॉफी कोण आणायचं? कॅन्टीनवाले. पंधरा वर्षांत आम्ही त्यांच्यापैकी एकाच्याही पुढं फॉर्म धरला नव्हता. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी या म्हटलंही नव्हतं. रक्तगट विचारताना जात विचारत नाही, याचा आम्हाला फार अभिमान. पण फॉर्म कुणापुढं धरायचा, हे आमच्या हातानं आपोआप ठरवलेलं होतं.

नावाचं रक्त, बिननावाचं रक्त

ऑगस्टमध्ये मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, त्यात रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. आमच्याकडच्या मंडळांनीही मांडवाऐवजी शिबिरं केली आणि दहा दिवस श्वास घेता आला. (श्रावण-भाद्रपदात आमची वेगळीच पंचाईत असते : माणसं उपाशी येतात. उपास आहे, पवित्र दिवस आहे, म्हणूनच तर दान. रिकाम्या पोटी रक्त दिलं की भोवळ ठरलेली. आमच्या नोंदणीच्या टेबलावर मी कायमची पाटी लावली आहे : आधी पोटोबा.)

प्लाझ्माचं प्रकरण मात्र शिकवून गेलं. करोनातून बरे झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. हिंजवडीच्या त्या गृहस्थांसारखी जी माणसं आमच्या फोनला 'नक्की येतो' म्हणायची, तीच एखाद्या अनोळखी मुलीनं "माझे बाबा आयसीयूत आहेत" म्हटलं की रात्री अकराला हजर व्हायची. उपचार म्हणून प्लाझ्माचा फायदा दिसला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चाचणीतही नाही, आणि मे २०२१ मध्ये तो मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. पण देणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट स्पष्ट आहे. समोर चेहरा असला की माणूस उठतो. आणि आमचं सगळं काम चेहरा नसलेल्या रक्तावर चालतं. आज घेतलेली पिशवी एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग, मलेरिया या चाचण्यांतून जाणार, तिचे घटक वेगळे होणार आणि ती कुणाला लागणार हे देणाऱ्याला कधीच कळणार नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, हा आपला दानाचा आदर्श. रक्ताच्या बाबतीत तो तंतोतंत पाळला जातो, आणि त्यामुळंच पुन्हा या म्हणायला आमच्याकडे गोष्ट उरत नाही.

डिसेंबर

माझ्या मताला खरी बळकटी डिसेंबर २०२० मध्ये मिळाली. भीती ओसरली होती. हॉटेलं उघडली, लग्नं लागत होती, लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. रखडलेल्या शस्त्रक्रिया धडाधड सुरू झाल्या. आणि नेमका तेव्हाच राज्यभर रक्ताचा तुटवडा पडला. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना जाहीर आवाहन करावं लागलं. जर माणसं करोनाच्या भीतीनं रक्त देत नव्हती, तर आता काय झालं होतं? झालं एवढंच होतं की कॉलेजं अजून बंद होती आणि कंपन्या अजून घरूनच चालल्या होत्या. भीती गेली, खाटा आल्या नाहीत.

मग राजकीय शिबिरं आली. त्यांच्यावर मी टीका करते, आणि त्यांचं रक्त घेतेही, हे आधीच कबूल करते. एका वाढदिवसाला शहरात एकाच दिवशी इतकं रक्त गोळा होतं की दहा दिवस फ्रीजला दार लागत नाही. त्यातलं काही मुदत संपून वाया जातं. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात. शिवाय ते सगळे दाते एकदम तीन महिन्यांसाठी बाद. आणि भेटवस्तू! हेल्मेट, डबा, ट्रॉली बॅग. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या निकालात रक्ताची विक्री बंद करायला सांगितली, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. मग हेल्मेट म्हणजे काय? माझी हरकत नीतीपेक्षा टेबलावरची आहे. ज्याला हेल्मेट हवंय, तो 'वर्षभरात कावीळ झाली होती का' या प्रश्नाला खरं उत्तर देत नाही. 'टॅटू कधी काढला' म्हटलं की बाही खाली ओढतो. चाचण्या आहेत, पण नुकत्या लागलेल्या संसर्गाचे काही दिवस चाचणीलाही दिसत नाहीत. त्या दिवसांपुरती आमची सगळी भिस्त त्या माणसाच्या खरेपणावर असते.

उलट बाजूही सांगते. वस्तूसाठी आलेल्यांतले काही जण मी नंतर शोधून फोन केले. बऱ्याच जणांना वस्तू आठवतही नव्हती. "आमच्या भाऊंनी बोलावलं होतं," एवढं आठवत होतं. मला वाटतं, आयोजकांचे पैसे फुकट जातात. माणूस भाऊंसाठी आलेला असतो, हेल्मेट वरकड.

'नंतर जमणार नाही'

मार्च २०२१ मध्ये रक्तसंक्रमण परिषदेचा आदेश आला : लशीचा शेवटचा डोस घेतल्यानंतर २८ दिवस रक्तदान नाही. १ मे पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस, म्हणजे आमचे तरुण दाते एकगठ्ठा बाद होणार. मे महिन्यात ती मुदत १४ दिवसांवर आणली गेली खरी, पण एप्रिलअखेर आम्ही धास्तावलो होतो. सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली : लस घेण्याआधी रक्त द्या, नंतर काही आठवडे जमणार नाही.

दुसरी लाट टिपेला होती. ऑक्सिजनसाठी वणवण चालू होती. २०२० च्या एप्रिलपेक्षा भीती कितीतरी खरी आणि जवळची. आणि तरी माणसं आली. आधीच्या वर्षी ज्यांनी 'प्रतिकारशक्ती' सांगितली होती, त्यांतलेही आले. मी एकाला विचारलं, मागच्या वर्षी नाही म्हणाला होतात, आता कसे? तो म्हणाला, "मागच्या वर्षी कधीही देता आलं असतं ना."

हे कारण माझ्या वहीत कुणीच सांगितलं नव्हतं, कारण ते कुणाला स्वतःचं स्वतःलाही ठाऊक नसतं. रक्त कधीही देता येतं. म्हणून ते आज द्यायचं कारण नसतं.

त्यानंतर आम्ही फॉर्मच्या मागं पेन्सिलीनं एक रकाना वाढवला : कुणी बोलावलं? उत्तरं लिहायला जागा कमी पडते. आई, सुपरवायझर, ब विंगच्या आजी, जिमचा सर, मेव्हणा. 'पोस्टर पाहून' हे उत्तर क्वचित येतं आणि आलं की आम्ही ऑफिसात एकमेकांना दाखवतो. सोसायट्यांतले वॉचमन, कामवाल्या मावश्या, ड्रायव्हर यांच्यासाठी दुपारच्या वेळा राखून ठेवतो. कंपन्यांच्या शिबिरात पहिला फॉर्म खाटा लावणाऱ्या मुलांपुढं धरतो. त्यातले बरेच वजनात किंवा झोपेत अडकतात, पण निदान विचारलं जातं.

हिंजवडीचे ते गृहस्थ आता आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जातात. कंपनीचं शिबिर नेमकं त्यांच्या घरून कामाच्या दिवशी येतं. दर तीन महिन्यांनी मी त्यांना केंद्राचा नकाशा आणि पार्किंगची जागा पाठवते. ते लगेच, न चुकता, अंगठा पाठवतात.